लेकीबरोबर तपासणीला

दुखत-खुपत काही नसताना डॉक्टरकडे जायचं, हे मुक्ताईला पटण्यातलं नव्हतं. झोपलेल्या दुखण्याला हाका मारून उठवायचं आणि वर पैसे द्यायचे, असं ती म्हणायची.

सदाशिव पेठेत तळमजल्यावर तिची मेस होती, वर राहतं घर. अकोल्याची, वर्ध्याची, यवतमाळची पोरं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला पुण्यात येतात. त्यातली काही साहेब होऊन जातात, बरीचशी तशीच परत जातात, पण मुक्ताईच्या दारातून उपाशी कुणी जात नाही. नवरा गेला तेव्हा पोरं लहान होती. एका शेगडीवर तिनं ही मेस मांडली. त्याच शेगडीच्या आचेवर दत्तप्रसाद शिकला, दीपमालेचं लग्न झालं, घरात सून आली. तेव्हा मुक्ताईसमोर कुणी आवाज चढवत नसे, आणि चढवलाच तर त्याच्या आमटीत त्या दिवशी तिखट जरा जास्तच पडे.

जावयाच्या कंपनीतून वर्षाकाठी घरच्या माणसांची तपासणी होते. दीपमाला म्हणाली, "आई, यंदा तुझं नाव दिलंय. काही होत नसताना बघून घ्यायचं असतं गं. झालं की मग धावाधाव."

हेच सुनेनं म्हटलं असतं तर मुक्ताईनं तिला समोर बसवून चार शब्द ऐकवले असते. उत्कर्षा, म्हणजे दत्तप्रसादची बायको, आणि मुक्ताई यांचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. एकीनं कोथिंबीर बारीक चिरली की दुसरीला ती जाड हवी असायची. पण दीपमाला पोटची. लेकीपाशी मुक्ताईचा हात नेहमी मोकळा आणि तोंडही मोकळं.

इतकं मोकळं, की सुनेला सोडा, मुलालाही न सांगितलेली गोष्ट तिनं लेकीला सांगून टाकली होती. झालं होतं असं: मंडईतून भाजी घेऊन येताना चिमण्या गणपती चौकात मुक्ताई उभी राहिली आणि घराकडे कुठून वळायचं तेच तिला सुचेना. जन्म गेला त्या रस्त्यांवर, पण त्या घडीला सगळे रस्ते परक्या गावासारखे. पिशवी खाली ठेवून ती उभी राहिली. एका दुकानदारानं विचारलं, "काय आजी, रिक्षा हवी का?" ती म्हणाली, "रिक्षा कशाला, पाय आहेत." तेवढ्यात सगळं परत जागेवर आलं आणि ती घरी गेली. त्या दुपारी तिनं न्हाणीघराचं दार लावून लेकीला फोन केला होता. "कुणाला बोलू नकोस हो दीपे."

"माझ्या गळ्याची शपथ, आई," दीपी म्हणाली होती.

तर तपासणीच्या दिवशी मुक्ताईनं ठेवणीतलं नारायणपेठ लुगडं नेसलं. उत्कर्षा दारातून म्हणाली, "आई, तिथं कपडे बदलायला लावतात. साधी नेसा."

"तुझ्या माहेरी जात असतील साध्या," मुक्ताई म्हणाली. "मी चारचौघांत जातेय."

तिथं गेल्यावर खरंच एक मागून नाडीचा झगा दिला. मुक्ताईनं तो लुगड्यावरूनच चढवला आणि नर्सकडे असं बघितलं की तिनं पुढं काही म्हटलं नाही.

आदल्या रात्रीपासून पोटात काही नाही. सुई टोचून नळी भरून रक्त घेतलं. "एवढं?" मुक्ताई म्हणाली. "ढेकणानंसुद्धा लाजावं." मग एक डबी हातात देऊन संडासाची वाट दाखवली. मग वजन, मग उंची. उंची मागच्यापेक्षा कमी भरली म्हणाले. मागची कुणी मोजली होती ते त्यांनाच ठाऊक. दंडाला पट्टा बांधून फुगवला. छातीला, हातापायांना चिमटे लावून हृदयाचा कागद काढला. पोटावर गार लगदा चोपडून पडद्यावर आतडी दाखवली. मुक्ताईनं मान वळवून बघितलं. "भाकरीचं पीठ भिजलेलं दिसतंय," ती म्हणाली, आणि यंत्र चालवणारी मुलगी हसून हसून बेजार झाली. डोळ्यांची अक्षरं आली तेव्हा दीपमाला कानात म्हणाली, "आई, वाचता येत नसेल तर बोटानं दिशा दाखव." मुक्ताई दोन यत्ता शिकलेली. तिनं वरच्या तीन ओळी वाचल्या आणि खालच्यांना म्हणाली, "ह्या मुंग्या आहेत, अक्षरं नव्हेत."

एका बाईंनी पडदा ओढून छाती तपासली, गाठ-बिठ आहे का म्हणून. तेव्हा मात्र मुक्ताईनं डोळे मिटून घेतले आणि दीपीचा हात घट्ट धरला. लेकीनंही धरला. मुक्ताईला वाटलं, झालं, यासाठीच मुलगी पोटी यावी.

मग नाश्त्याचं कूपन. खाऊन दोन तासांनी परत रक्त द्यायचं होतं. उपम्याचा एक घास घेऊन मुक्ताईनं ताटली बाजूला केली. "रवा भाजलाच नाही. दवाखान्यातच आजारी पाडायची सोय केलीय यांनी."

"खा गं गुपचूप. साखर कळायला खावं लागतं."

"साखर कळेल. यांना रवा कधी कळायचा?"

दीपमाला हसली आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. तिच्या केसात पांढरं दिसत होतं. मुक्ताईनं ते बोटानं मागं सारलं. दोघी अशा किती दिवसांनी बसल्या होत्या. लेकीनं विचारलं, "आई, दमत नाहीस का गं आता? एवढ्या पोरांचा रोज स्वैपाक?"

"दमते की. पण दमून झोप लागते. रिकामी बसले तर काय लागेल?"

दीपमालानं डोकं उचललं. मोबाइलवर कुणाला तरी काहीतरी लिहीत राहिली.

दुसरं रक्त दिल्यावर डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बोलावलं. डॉक्टर स्वराली नावाची तरुण पोरगी, चेहऱ्यानं गोड, बोलायला मऊ. हृदय ठीक म्हणाली, पोट ठीक. दाब थोडा वर आहे, मीठ कमी करा. रक्ताचं संध्याकाळी मोबाइलवर येईल. झोप कशी, भूक कशी, परसाकडे होते का रोज, चालताना तोल जातो का, ऐकू नीट येतं का, कधी पडलात का. मुक्ताई एकेकाचं ठणठणीत उत्तर देत होती. तिला वाटलं, संपलं आता.

तेवढ्यात ती पोरगी म्हणाली, "आजी, मध्ये एकदा चिमण्या गणपती चौकात घरची वाट आठवत नव्हती म्हणे?"

मुक्ताईनं लेकीकडे बघितलं. दीपमाला भिंतीवरच्या चित्राकडे बघत होती.

"कोण म्हणालं?" मुक्ताईनं विचारलं, जणू तिला माहीत नव्हतं.

"मुलीनं सांगितलं. बरं केलं त्यांनी, अशा गोष्टी आम्हाला कळायला हव्यात. काही सोपे प्रश्न विचारते हं. घाबरू नका."

घाबरत कोण होतं? मुक्ताईच्या आत दुसरंच काही चाललं होतं. महिना कोणता? सांगितला. आपण कुठं आहोत? सांगितलं. तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा: कुलूप, लिंबू, नदी. ठेवले. मग बाई इकडचं तिकडचं बोलल्या आणि शब्द परत विचारले. मुक्ताईनं तिन्ही सांगितले, आणि वर म्हणाली, "लिंबं सध्या महाग आहेत."

डॉक्टरीण हसली. "छान. घरी कोण कोण? मुलाचं नाव? सुनेचं?" तेही झालं. "आणि मिस्टरांचं नाव काय होतं?"

आता, मुक्ताईनं नवऱ्याचं नाव असं नुसतं कधीच घेतलं नव्हतं. तो होता तोवर हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला बायका अडवायच्या तेव्हा उखाण्यात घेई, तेही लाजत. तो गेल्यावर हळदीकुंकवाची बोलावणी थांबली आणि त्याबरोबर नावही थांबलं. रेशनच्या कचेरीत, शाळेत, बँकेत कुणी विचारलं की मुक्ताई फक्त मान वळवायची, आणि बाजूला उभी असलेली दोन वेण्यांची दीपी टाचा उंचावून खड्या आवाजात सांगायची, "महिपती!" साहेब लोक हसायचे. मुक्ताईच्या जिभेचं ते एक काम या लेकीनं लहानपणापासून केलेलं.

त्याच सवयीनं मुक्ताईनं मान वळवली.

दीपमाला मोबाइलकडे बघत होती. तिला प्रश्न ऐकू गेला होता. आईची मान वळलेली तिला दिसली होती. मुक्ताईला हे ठाऊक होतं, कारण लेकीचा अंगठा मोबाइलच्या काचेवर जागच्या जागी थांबला होता. तो वरही सरकेना, खालीही सरकेना.

"आठवत नाही का?" डॉक्टरीण मऊपणानं म्हणाली. "असू दे, असू दे."

मुक्ताईला सांगता आलं असतं, की बाई, आमच्यात घेत नाहीत. एवढंच. पण ज्या तोंडानं सांगायचं ते तोंड शेजारी मिटून बसलं होतं. डॉक्टरीण कॉम्प्युटरवर काहीतरी बडवत होती. त्या एवढ्याशा टकटकीत मुक्ताईचा सगळा संसार पुसला जात होता आणि लेक बघत बसली होती. केसानं गळा कापणं म्हणतात ते याला. सुरीनं कापला तर निदान रक्त तरी दिसतं.

शेवटी डॉक्टरीण म्हणाली, "मला फार काळजीचं वाटत नाही. कधी कधी बी-ट्वेल्व्ह कमी असलं, थायरॉइड बिघडलं तरी असं होतं. त्या तपासण्याही करू. महिन्यानं परत या, मग नीट बघू. काम बंद करू नका हं आजी. हातांना काम असलेलं चांगलं. फक्त गॅसपाशी एकट्या नको, कुणीतरी बरोबर असू दे."

"ऐकलंस?" मुक्ताई लेकीला म्हणाली. त्या खोलीत ती लेकीशी बोलली ते एवढंच.

रिक्षात दीपमालानं दोनदा हात धरायला बघितला. मुक्ताईनं पदर सावरायच्या निमित्तानं तो सोडवला. लक्ष्मी रस्त्यावर गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा दीपी म्हणाली, "आई, मी तुझ्या भल्यासाठीच सांगितलं गं." मुक्ताई रिक्षावाल्याला म्हणाली, "अहो, हॉर्न वाजवा. मला लवकर उतरायचंय."

घरी दत्तप्रसाद ऑफिसातून लवकर आलेला. कामाच्या दिवशी दुपारी घरी असणारा हा मुलगा नव्हे. मुक्ताईनं तेवढ्यावरूनच ओळखलं. उत्कर्षा संध्याकाळसाठी वांगी चिरत होती.

"काय म्हणाले डॉक्टर?" त्यानं विचारलं, आणि विचारलं कुणाला, तर बहिणीला.

दीपमाला पंख्याखाली बसली. पाणी प्यायली. मग म्हणाली, "गॅसपाशी नको म्हणाल्या."

एकट्या, हा शब्द तिनं गिळला. पाण्याबरोबर गिळावा तसा. मुक्ताई दारातच उभी होती. इतका लहान शब्द, पण तोच गाळला की सगळी मेस कोसळत होती.

"आणि दादा," दीपमाला आवाज खाली आणून म्हणाली, "बाबांचं नाव विचारलं तर तिला सांगता आलं नाही."

दत्तप्रसादनं कपाळाला हात लावला. "बघ. म्हणून मी म्हणत होतो. दिवाळीनंतर बंदच करू. ते अभ्यासिकावाले जागा भाड्यानं घ्यायला तयार आहेत, टेबलं तेच टाकतील. आईला आराम."

म्हणजे टेबलांपर्यंत गोष्ट गेली होती. तपासणी व्हायच्या आधीच औषध ठरलं होतं. फक्त ते डॉक्टरच्या तोंडून यायला हवं होतं, कारण मुक्ताई पोरांचं ऐकत नाही.

"डॉक्टरीण एकट्या नको म्हणाली," मुक्ताई म्हणाली. "काम बंद करू नका, असंही म्हणाली. दीपी समोर होती."

दत्तप्रसाद आईजवळ आला. त्यानं तिच्या दंडाला धरून हळूच खुर्चीवर बसवलं, आजाऱ्याला बसवतात तसं. आणि लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, "आई, तुला नीट आठवत नसेल."

आता ती काहीही म्हणाली असती तरी ते विसरभोळ्या म्हातारीचं बोलणं ठरणार होतं. खरं बोलायचा हक्कच लेकीनं तिच्याकडून काढून घेतला होता. मुक्ताईनं मान वर करून दीपमालाकडे बघितलं. अजून वेळ गेलेली नव्हती. एक शब्द, गाळलेला परत घाल, एवढंच ती डोळ्यांनी मागत होती. दीपमाला रिकाम्या पेल्यात बघत होती.

ओट्यापाशी विळीचा आवाज थांबला.

"वन्सं," उत्कर्षा म्हणाली, "आईंनी मामंजींचं नाव कधी घेतलंय?"

दीपमालानं पेला खाली ठेवला.

"मी या घरात आल्यापासून एकदाही ऐकलेलं नाही. घर यांच्या नावावर करताना कचेरीतल्या साहेबासमोरसुद्धा त्यांनी तुम्हालाच पुढं केलं होतं. मला माहीत आहे आणि तुम्हाला माहीत नाही?" उत्कर्षा विळी आडवी करून उठली. "मला या मेसचा फार पुळका आहे असं नाही. सकाळी पाचला उठायला मलाही जड जातं. बंद करायची तर करा, पण सरळ तोंडावर सांगून. हे असलं काय?"

"तू मध्ये पडू नकोस," दत्तप्रसाद म्हणाला.

"मीच मध्ये आहे. गॅसपाशी त्यांच्या शेजारी रोज मीच उभी असते. तुम्ही दोघं कुठं असता?"

मुक्ताई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश, पण कुणाचा आधार न घेता. तिनं ठेवणीतल्या लुगड्याचा पदर कमरेला खोचला. दत्तप्रसाद म्हणाला, "आई, बस." मुक्ताई म्हणाली, "डॉक्टरीण फोनवर मिळेल. नंबर दीपीकडे आहे. ज्याला विचारायचंय त्यानं विचारावं. मी कुणाला पुरावा देत बसणार नाही. पोरं साडेसातला येतील."

तिनं गॅस पेटवला. उत्कर्षा शेजारी येऊन उभी राहिली.

"वांगी जाड चिरलीस," मुक्ताई म्हणाली.

"बारीक केली तर लगदा होतो."

"होऊ दे."

"नाही व्हायचा," उत्कर्षा म्हणाली आणि फोडणीचं तेल तिनं स्वतः ओतलं. मुक्ताईनं ओतू दिलं.

बाहेर दत्तप्रसाद फोनवर कुणाशी तरी बोलताना ऐकू आला. हो मॅडम, हो, अच्छा, एकट्या नको, बरं. मग जिन्यावर त्याची पावलं, वर जाणारी. आत येऊन आईला काही सांगायचं त्याच्यानं झालं नाही.

दीपमाला मात्र आली. डोळे लाल, नाक लाल. ओट्याजवळ येऊन तिनं परातीतल्या पिठाला हात घातला, माहेरी आल्यावर घालते तसा.

"आई, मी भाकऱ्या थापते. चुकलं गं माझं. तू रस्त्यात कुठं पडली असतीस, तर? मला झोप येत नव्हती. दादा म्हणाला, तू ऐकणार नाहीस, डॉक्टरांचंच ऐकशील..."

"झोप येत नव्हती तर मला उठवायचं होतं. मी जागीच असते."

"मी नावाचं सांगणार होते. खरंच सांगणार होते. पण मग वाटलं..."

"काय वाटलं ते मी बघितलं," मुक्ताई म्हणाली. तिनं लेकीच्या हाताखालून परात हळूच ओढून घेतली आणि उत्कर्षाकडे सरकवली. आवाज तिनं चढवला नाही. घरातल्या सगळ्यांना तिचा चढलेला आवाज माहीत होता. हा मात्र कुणी ऐकलेला नव्हता. "हात धुवा. आपण बाहेर बसा. पाहुण्यांनी ओट्यापाशी यायची आमच्यात रीत नाही."

"आई!"

"बसा ना. जेवूनच जा. रिक्षाचं आम्ही बघतो."

दीपमाला उभीच राहिली. आईनं जन्मात तिला दीपे सोडून काही म्हटलं नव्हतं; रागावली तर दीपडे. उत्कर्षानंही भाकरी थापता थापता हात थांबवला. तिनं सासूकडे बघितलं. मग पुन्हा थापू लागली.

पोरं आली. बूट दाराशी पडले, ताटं वाजली, कुणी वांग्याला वाहवा दिली, कुणी दुसरी भाकरी मागितली. मुक्ताईनं एका कोपऱ्यातल्या टेबलावर स्वच्छ फडकं पसरलं. चांगलं ताट मांडलं, डावीकडे लोणचं, लिंबाची फोड, उजवीकडे वाटी, भाकरीवर लोणी, पाण्याचा तांब्या झाकलेला. नव्या सोयऱ्याला मांडतात तसं. लेकीला खुर्ची ओढून दिली.

"घ्या," ती म्हणाली. "संकोच करू नका."

दीपमालाचे डोळे ताटात गळत होते. मुक्ताई जवळ उभी राहिली, पाहुणा जेवताना यजमानीण उभी राहते तशी, हातात वाढायचं भांडं घेऊन. लेकीनं दोन घास कसेबसे खाल्ले.

"आणखी वाढू का?" मुक्ताईनं विचारलं.

दीपमालानं मान हलवली. मुक्ताई तिथून निघाली आणि पुढच्या टेबलावरच्या वर्ध्याच्या पोराला ओरडली, "काय रे, कांदा ताटाखाली का लपवतोस? खायचा नसेल तर सांग की तोंडानं!"